अनिच्छुक

जानकीबाई आपट्यांनी चौतीस वर्षं माणसं पाहिली ती कागदावर. झाशीच्या रेल्वे मंडल कार्यालयात, कार्मिक शाखेत, त्यांच्या टेबलाशी जिवंत माणूस यायचा तो बहुधा गाऱ्हाणं घेऊनच. त्यामुळे माणसापेक्षा त्याच्या सर्व्हिस बुकावर त्यांचा भरवसा अधिक. सर्व्हिस बुक चहा मागत नाही आणि पुतण्याच्या बदलीसाठी डोळ्यांत पाणी आणत नाही, असं त्या म्हणायच्या. निवृत्त झाल्या, टेबल गेलं, खोड उरली. हळदीकुंकवाला गेल्या तर दाराशी काढलेल्या चपला आणि आत चाललेल्या गप्पा यांचा मेळ त्या खिरापत हातात पडायच्या आत घालून मोकळ्या होत. चुकत क्वचितच. न चुकण्याची सवय माणसाला कुठे नेऊन घालते, ते पुढे येईलच.

शहराच्या नगरा वस्तीत मराठी मंडळाच्या दोन खोल्या आहेत. त्यांतल्या मोठ्या खोलीत दर रविवारी दहा वाजता त्यांचा वर्ग भरे. नववी ते बारावीच्या अकरा मुली. मंडळाचे अध्यक्ष नारायणराव यांच्या घराण्याची झाशीतली ही सहावी पिढी. त्यांनी ठरावात लिहिलं होतं, ‘मुलींस चाकरी व पुढारपण यांकरिता तयार करणे.’ चिटणीस श्यामसुंदर लघाटे म्हणाले, “काका, आजकल लीडरशिप म्हणतात.” नारायणराव म्हणाले, “म्हणोत. आमच्या ठरावात पुढारपणच राहील.” राहिलं.

वर्गात व्याख्यानं नव्हती. एका रविवारी बँकेचा फॉर्म, दुसऱ्या रविवारी परीक्षेची जाहिरात, तिसऱ्या रविवारी सदर बाजारातल्या एखाद्या कार्यालयात मुलीने एकटीने जायचं, एक माहिती विचारायची आणि विचारून आलेलं लिहून काढायचं. शिवाय दर खेपेला एक मुलगी सभेची अध्यक्ष. बाकीच्या दहा जणींनी सभा बिघडवायची. कोणी मधेच बोलायचं, कोणी रुसायचं, कोणी मागच्या सभेतलं उकरून काढायचं. “खऱ्या सभेत हेच होतं,” जानकीबाई सांगत, “आणि तिथे बिघडवणारे पगारी असतात.”

आणि एक नियम, ऑफिसातून आणलेला. वर्गातला कुठलाही निर्णय कारणासकट बाहेरच्या फळ्यावर लागणार. तोंडी काही नाही.

त्यांच्याजवळ एक जाड वही होती. दर मुलीला एक पान, पानाच्या मधोमध उभी रेघ. डावीकडे जमेच्या गोष्टी, उजवीकडे अडचणी. ही वही मुलींनी कधी पाहिली नव्हती. ऑफिसातले गोपनीय अहवाल तरी कोणी पाहिले होते?

तन्वी लघाटेचं पान डावीकडे गच्च भरलेलं. श्यामसुंदरांची मुलगी, बारावीत. बाप कारखान्यात इंजिनीयर, घरात पुस्तकांचं कपाट, इंग्रजी झऱ्यासारखं. ती अध्यक्ष झाली त्या दिवशी तिने असं भाषण केलं, की बिघडवायला बसलेल्या मुलीच टाळ्या वाजवायला लागल्या. सभा मात्र पाऊण तास लांबली.

शाल्मली पाटीलचं पान उजवीकडे भरलेलं. अकरावीत होती. वडील मकरंद मालगाडीचे ड्रायव्हर, भुसावळकडचे, वीस वर्षांपूर्वी झाशीला आले ते इथलेच झाले. आई तीन वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून घर हिच्यावर. वर्गाला कधी दहा मिनिटं उशीर, कधी अर्धा तास आधी निघणं. मराठी समजे सगळं, बोलताना मात्र दर तिसऱ्या शब्दाला हिंदीचा टेकू. ती अध्यक्ष होती तेव्हा भाषण झालंच नाही. रुसलेल्या मुलीला तिने विचारलं, “तुला काय पाहिजे, वो एक लाइन में बोल. बाकी बाद में.” सभा चोवीस मिनिटांत संपली, तीन निर्णय झाले. जानकीबाईंनी डावीकडे लिहिलं, ‘वेळ पाळते.’ उजवीकडे लिहिलं, ‘घरची जबाबदारी फार. बाहेर पडू शकणार नाही.’

जानेवारीत पुण्याच्या एका न्यासाचं पत्र आलं. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मंडळांनी प्रत्येकी एक मुलगी पाठवावी. मे महिन्यात पंधरा दिवसांचं निवासी शिबिर. आणि त्यानंतर दोन वर्षं त्या मुलीच्या परीक्षा, प्रवेश, कॉलेज, राहणं, सगळं न्यास पाहील. जागा एकच.

त्या रविवारी वर्ग सुटल्यावर शाल्मलीने पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना तिचं बोट ‘दोन वर्षं’ या शब्दांवर थांबलं होतं. जानकीबाईंनी ते पाहिलं. पाहिलं, आणि वहीत कुठेच लिहिलं नाही.

कारण बुधवारी सकाळी मकरंद त्यांना भाजीबाजारात भेटला. रात्रपाळीचे डोळे, हातात पालकाची जुडी.

“काकू, एक बोलायचं होतं. वो पुणेवाला जो है ना... आमच्या पोरीचं नाव नका घालू.”

“का हो? ती काही म्हणाली?”

“ती काय म्हणणार. बच्ची है. लेकिन घर कोण बघणार? माझी ड्यूटी तुम्हाला माहीतच आहे, तुम्ही तर रेल्वेवाल्याच.” त्याने पालक एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. “मी नाही म्हटलं असं तिला नका सांगू, बस. बुरा लगेगा.”

“बरं,” जानकीबाई म्हणाल्या.

हे ‘बरं’ त्यांच्या तोंडून किती सहज निघालं, ते समजायला त्यांच्या ऑफिसातली एक चाल सांगायला हवी. रेल्वेत पदोन्नती आली की बहुधा गावही बदलतं. ज्याला जायचं नसेल त्याने लिहून द्यायचं, ‘घरगुती कारणास्तव मी या पदोन्नतीस अनिच्छुक आहे.’ पुरुष क्वचित देत, बायका हटकून. नवऱ्याची नोकरी इथे, मुलांची शाळा इथे, सासू इथे. बायका यायच्या, टेबलाशी उभ्या राहायच्या, वाक्य जुळवता जुळवता दोन-दोन कागद फाडायच्या. जानकीबाईंना दया आली. त्यांनी वाक्य टंकून घेतलं, प्रती काढल्या आणि खणात ठेवल्या. बाईचं पदोन्नतीचं पत्र आलं की त्याला टाचून ही प्रतही पाठवायची. नाव घालून तयार. सहीची जागा तेवढी मोकळी. बायका दुवा देत. “आपटे मॅडम, आपने बड़ा आसान कर दिया.” वीस वर्षं त्यांनी हे पुण्यकर्म केलं. त्यांच्या हाताखालून गेलेल्या बायकांपैकी किती जणींनी ती प्रत पाहायच्या आधी ‘जावं का’ असा विचार केला असता, हा हिशेब त्यांनी कधी मांडला नव्हता. बाकी सगळे मांडले होते.

रविवारी फळ्यावर सूचना लागली. ‘पुणे शिबिर. शिफारस: कु. तन्वी लघाटे. कारण: वक्तृत्व, वाचन, आत्मविश्वास. कु. शाल्मली पाटील: अनिच्छुक. कारण: घरगुती.’

मुली फळ्याशी गोळा झाल्या. तन्वीने हात छातीशी नेला आणि लगेच दाराकडे पाहिलं. दारात श्यामसुंदर स्कूटरची किल्ली फिरवत हसत उभे होते. शाल्मलीने सूचना वाचली आणि सरळ आत आली.

“काकू, अनिच्छुक म्हणजे जिसकी इच्छा नहीं?”

“हो.”

“असं मी कधी म्हणाले?”

जानकीबाईंनी वही मिटली. “अगं, तुझी अडचण मला ठाऊक आहे. तुला नाही म्हणायला लागू नये म्हणून...”

“तुम्हीच शिकवलं ना,” शाल्मलीचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता, “कोणत्याही कागदावर अपना नाम हो तो पहले देखो, साइन किसकी है. मेरी साइन कहाँ है, काकू? दाखवा ना.”

तिच्या मागोमाग बाकीच्या दहा जणीही आत येऊन उभ्या होत्या. जानकीबाईंना चौतीस वर्षांत पुष्कळांनी पुष्कळ विचारलं होतं, पण त्यांच्याच नियमाने त्यांना कोणी अडवलं नव्हतं. सहीशिवाय नकार वैध नाही, हे त्यांनी स्वतः कित्येक फायलींवर लाल शाईने लिहिलं होतं.

“तुझे...” त्या म्हणाल्या आणि थांबल्या. वडिलांचं नाव ओठांवर आलं होतं. शब्द दिला होता.

“समझ गई,” शाल्मली म्हणाली. तिने दप्तर उचललं. जाताना दारातल्या श्यामसुंदरांना “नमस्ते अंकल” म्हणाली, तन्वीला “बधाई हो” म्हणाली. चप्पल घालताना तिचा पाय दोनदा चुकला.

घरी जानकीबाई जेवायला बसल्या त्या नुसत्याच बसल्या. समोर विश्वंभरराव, त्यांचे यजमान, इंटर कॉलेजातून गणित शिकवून निवृत्त झालेले, ताटातली कोशिंबीर निवडून खात होते.

“आज मीठ नाही का यात?”

“तुम्हाला आठवतं,” जानकीबाई म्हणाल्या, “मला भुसावळचं प्रमोशन आलं होतं. मग चार वर्षांनी मुंबईचं.”

“आठवतं ना. तू दोन्ही सोडलीस.”

“सोडली.”

“मी तुला कधी नाही म्हटलं नव्हतं हं,” विश्वंभरराव म्हणाले. “म्हटलं होतं, तुझं तू ठरव.”

“हो. आणि मग तीन दिवस डबा न नेता कॉलेजला गेलात.”

विश्वंभररावांनी चमचा खाली ठेवला. “ते... पोट बरं नव्हतं माझं.”

“दोन्ही वेळेला?”

त्यांनी कोशिंबीर पुन्हा पुढे ओढली. जानकीबाई त्यांच्यावर रागावल्या नव्हत्या. इतक्या जुन्या गोष्टीवर राग शिजत नाही. त्यांना दिसत होती ती स्वतःची सही, दोन कागदांवर, वळणदार, ‘जा. वि. आपटे’. त्या सगळ्यांना अभिमानाने सांगत आल्या होत्या, की तो निर्णय माझा होता. सही तर त्यांचीच होती. हात कोणी धरला होता, हे लिहायला त्या छापील कागदावर जागा नव्हती. आणि तो कागद छापला होता त्यांनीच.

मंगळवारी दुपारी त्या ऑटो करून रेल्वे कॉलनीत गेल्या. मकरंदच्या क्वार्टरच्या दारावर पाटी टांगलेली होती, खडूने लिहिलेली: ‘पापा सो रहे हैं. घंटी न बजाएँ.’ त्यांनी कडी हलकेच वाजवली. शाल्मलीने दार उघडलं, तोंडावर बोट ठेवलं आणि त्यांना स्वयंपाकघरात नेलं. बसायला पाट दिला, पाणी दिलं. मानात कसूर नव्हती, मायेत होती.

ओट्यावर मोबाइल होता. शेजारी भिंतीवर कॅलेंडर. एकेका तारखेच्या चौकटीत बारीक अक्षरात दोन दोन वेळा लिहिलेल्या. जानकीबाई काही बोलणार तोच मोबाइल थरथरला. आवाज पलीकडच्या खोलीत जाऊ नये म्हणून शाल्मलीने तो ओढणीत धरून कानाला लावला.

“जी भैया... नहीं, पापा सो रहे हैं... नहीं उठाऊँगी.” पलीकडचा माणूस ड्रायव्हरांना कामावर बोलावणाऱ्या लॉबीतला होता, हे जानकीबाईंना ‘गाडी’ आणि ‘अर्जंट’ या दोन शब्दांवरून कळलं. “भैया, सुबह साढ़े छह बजे ड्यूटी से उतरे हैं. सोलह घंटे जोड़ लीजिए. साढ़े आठ से पहले कॉल नहीं, साढ़े दस से पहले ड्यूटी नहीं... मजबूरी तो सबकी होती है भैया. नींद में गाड़ी चलेगी तो मजबूरी किसकी होगी?... ठीक है, बड़े साहब से बात करवा दीजिए, उनको भी यही बता दूँगी... जी. नमस्ते.”

तिने फोन ठेवला, कॅलेंडरवर पेन्सिलीने एक खूण केली आणि गॅसवरचं दूध खाली उतरवलं.

“रोज येतात असे फोन?”

“कधी दोन, कधी चार. पापांना मना करता येत नाही. ते ‘हाँ साहब’ म्हणून उठून बसतात. मम्मी थी तो मम्मी बोलती थी. अब मैं.” तिने खांदे उडवले. “एकदा एक साहेब म्हणाले, छोकरी, तू मुझे रूल सिखाएगी? मी म्हटलं, नहीं सर, याद दिला रही हूँ.”

जानकीबाई पाण्याचं भांडं हातात धरून बसल्या. हजारो टनांची मालगाडी ओढणारा माणूस पलीकडच्या खोलीत घोरत होता, आणि त्याच्या झोपेवर हे सोळा वर्षांचं पोर पहारा करत होतं. भांडण न करता, आवाज न चढवता, नियमाचं बोट धरून. त्यांच्या वर्गात पुढारपण म्हणून जे शिकवलं जात होतं ते हिचं इथे रोज चालू होतं, आणि त्यांनी ते लिहिलं होतं उजवीकडे. अडचण म्हणून. नोंद खरी होती. बाजू चुकली होती. चौतीस वर्षांत अशा किती नोंदी चुकीच्या बाजूला पडल्या असतील, हा विचार आला आणि त्यांनी तो घोटाबरोबर गिळला, कारण त्याला अंत नव्हता.

“शाल्मली, माझी चूक झाली.”

मुलगी दुधावरची साय बाजूला करत होती. तिने वर पाहिलं नाही.

“इथे सांगून काय, काकू. सूचना लागली तर फळ्यावर होती ना.”

जानकीबाईंना हसू आलं नाही, पण हसण्याची जागा कुठे होती ते मात्र कळलं. “फळ्यावर लावीन. पण आधी एक सांग, आणि नीट विचार करून सांग. तुला जायचंय?”

आता तिने पाहिलं. उत्तर तयार असावं, पण ते कोणाला द्यायची वेळच आली नव्हती. म्हणून तोंडापर्यंत यायला त्याला वेळ लागला.

“हाँ,” ती म्हणाली. मग मराठीत, जणू पक्कं करायला, “हो. जायचंय.”

त्या संध्याकाळी फळ्यावर नवी सूचना लागली. ‘मागील सूचना रद्द. कु. शाल्मली पाटील हिला न विचारता अनिच्छुक ठरवले, ही चूक माझी. रविवारी दोन्ही मुलींना समक्ष ऐकून निर्णय होईल. जा. वि. आपटे.’ आणि मकरंदला चिठ्ठी गेली, ‘रविवारी दहा वाजता यावे. तुमचे म्हणणे तुम्ही मांडावे.’

श्यामसुंदरांचा फोन आलाच. “जानकीताई, ये क्या बात हुई? घरात पेढे वाटून झाले. मुलीने मैत्रिणींना सांगितलं.”

“पेढे माझ्या सूचनेवर वाटलेत, तेव्हा दोष माझा. पण फॉर्म अजून गेलेला नाही, श्यामसुंदरजी.”

“प्रघात पडेल.”

“पडू दे.”

“मी चिटणीस आहे मंडळाचा.”

“आणि तन्वीचे वडील. म्हणून रविवारी तुम्ही प्रश्न विचारा, मत देऊ नका. मत देऊ आम्ही दोघं, मी आणि नारायणराव.”

श्यामसुंदर माणूस वाईट नव्हता. मुलीवर त्यांचं प्रेम होतं, आणि ते प्रेम दर रविवारी स्कूटरवरून आणून सोडत असत. “ठीक आहे,” ते म्हणाले.

रविवारी खोली भरली. नारायणराव मध्यभागी, काठी गुडघ्यांत धरून. मकरंद मागच्या खुर्चीत, ड्यूटीवरून थेट आलेला, बॅग पायाशी. त्याने लेकीकडे पाहिलं नाही. लेकीने त्याच्याकडे एकदाच पाहिलं.

नारायणरावांनी दोघींना एकच प्रश्न विचारला, “पुण्यास जाऊन काय शिकायचं मनात आहे?”

तन्वी उभी राहिली. आधी बापाकडे पाहिलं, मग बोलली, आणि सुंदर बोलली. नियोजन, संवाद, समाजासाठी काम. एकही शब्द अडखळला नाही. खरं म्हणजे अडखळायला तो तिचा कुठे होता, असं जानकीबाईंच्या मनात आलं. आणि ते मनात आल्याचं त्यांना वाईट वाटलं, कारण मुलगी गुणी होती.

शाल्मली उभी राहिली. “मला...” ती थांबली. “मला भांडायला येतं. म्हणजे पापांसाठी. लॉबीवाल्यांना नाही म्हणायला येतं. पर अपने लिए कुछ माँगना नहीं आता. आज पहली बार माँग रही हूँ.” मग घाईने, “बाकी तिथे जाऊन कळेल.”

श्यामसुंदर खाकरले. “मी एक विचारतो. समजा तुझं नाव पाठवलं, आणि ऐन वेळी पापांनी नाही म्हटलं, तर? सीट वाया. मंडळाचं नाव खराब. फिर अगली बार कौन बुलाएगा?”

प्रश्न टोचरा होता, पण चुकीचा नव्हता. सगळे शाल्मलीकडे पाहू लागले. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. मग ते सोडून दिलं.

“तर तो नकार पापांनी लिहून द्यावा,” ती म्हणाली. “अपने नाम से. त्यांच्या सहीने. माझ्या नावाने नको.”

नारायणरावांची काठी जमिनीवर एकदा वाजली. “मुलगी बोलते ते नियमास धरून आहे. मकरंदराव, आपला नकार असेल तर आत्ताच द्या. कागद द्या रे त्यांना.”

जानकीबाईंनीच कोरा कागद दिला. टंकलेलं वाक्य नव्हतं त्यावर, काहीच नव्हतं. मकरंदने बॅगेवर कागद ठेवून तारीख लिहिली. पुढच्या ओळीवर लिहिलं, ‘मी’. मग पेन तिथेच राहिलं. भाजीबाजारात कुजबुजून सांगताना जे दोन वाक्यांत उरकलं होतं ते आता लिहायचं म्हटलं तर पुढचा शब्द काय घालायचा? ‘मी, मकरंद पाटील, माझ्या मुलीला...’ डोक्यात वाक्य पुरं झालं असावं, कारण त्याचा चेहरा उतरला. कोणी घाई केली नाही.

“नहीं होगा मुझसे,” तो शेवटी म्हणाला. कागदाची घडी घातली, खिशात ठेवली. मग शाल्मलीकडे पाहून, “पंधरा दिवस, मग दोन वर्षं, ना? कॉल मी उचलीन. आदमी हूँ, अपाहिज थोड़े हूँ.”

“आणि लॉबीवाल्यांना नाही म्हणाल?” शाल्मलीने विचारलं. विचारताना आवाज फुटला.

“तू लिहून दे. वाचून दाखवीन.”

खोलीत कोणीतरी हसलं, आणि मग पुष्कळ जण हसले, डोळे पुसण्याची सोय व्हावी एवढ्यासाठी. नारायणराव म्हणाले, “माझं मत शाल्मलीस.” जानकीबाई म्हणाल्या, “माझंही.” श्यामसुंदरांनी ठराव लिहून घेतला. अक्षर त्यांचं एरवी सुरेख असे, त्या दिवशी जरा तिरपं आलं. पण एक शब्द गाळला नाही.

माणसं पांगली. जानकीबाई खोली बंद करून बाहेर आल्या तर पायरीवर तन्वी बसलेली. रडून झालं होतं.

“काकू, मी कुठे कमी पडले?”

जानकीबाईंच्या तोंडाशी पहिल्यांदा तेच आलं जे आपण सगळे म्हणतो: तू कमी नाहीस, जागाच एक होती. ते खरंही होतं. पण पूर्ण खरं नव्हतं. चौतीस वर्षांत त्यांनी शेकडो माणसांच्या उण्या गोष्टी लिहिल्या होत्या आणि एकालाही तोंडावर सांगितल्या नव्हत्या. पाकीट बंद करून वर पाठवायचं, एवढंच काम. त्या गुडघ्यावर हात देऊन तिच्या शेजारी पायरीवर बसल्या.

“रागावशील.”

“नाही रागावणार. सांगा.”

“तू उत्तर द्यायच्या आधी दर वेळी बाबांकडे बघतेस. आज बघितलंस. फळ्याशी उभी होतीस तेव्हाही बघितलंस. वर्गात अध्यक्ष होतीस, तेव्हा ते दारात उभे होते आणि तू भाषण त्यांना ऐकवत होतीस; सभा लांबत होती ते तुला दिसलं नाही. तुला येतं पुष्कळ, तन्वी. पण ते तुझं आहे की त्यांचं, हे मला अजून कळलेलं नाही. मला वाटतं तुलाही नाही.”

तन्वीच्या गालांवर लाली चढली, उतरली.

“हे तुम्ही मला वर्षभर का नाही सांगितलं?”

“माझी तशी रीतच नव्हती.”

“पण माझं वर्ष गेलं ना, काकू. पुढच्या महिन्यात बोर्ड आहे माझं. मग मी इथे नसणार.”

वहीत जानकीबाई आज दोघींची पानं दुरुस्त करणार होत्या. गेलेलं वर्ष मात्र दुरुस्त व्हायचं नव्हतं, कारण त्या मुलीचं वय सूचना रद्द करून परत मिळणारं नव्हतं.

फाटकाशी श्यामसुंदरांनी स्कूटर सुरू केली. “तन्वी, चल बेटा.”

तन्वी उठली. ओढणी झटकली. “तुम्ही पुढे व्हा, बाबा. मी चालत येते.”

“अगं, लांब किती आहे! बैठ ना.”

“चालत येते म्हटलं.”

ती फाटकाबाहेर पडली आणि नगऱ्याच्या रस्त्याला लागली. श्यामसुंदरांनी स्कूटर बंद केली, स्टँडवरून काढली आणि हाताने ढकलत तिच्या मागोमाग चालू लागले, दहा पावलं अंतर ठेवून. तिने मान वळवली नाही. त्यांनीही हाक मारली नाही. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याच्या दुकानाशी दोघं वळेपर्यंत जानकीबाई पायरीवर बसून पाहत राहिल्या.